रक्तक्लथन व आत्मप्रतिपिंडे

शरीराने स्वतःच्याच घटकांविरुद्ध निर्माण केलेल्या प्रतिपिंडांना (बाह्य पदार्थांचा प्रतिकार करण्यासाठी रक्तात तयार होणाऱ्या विशिष्ट प्रथिनांना) आत्मप्रतिपिंडे म्हणतात. यांपैकी काही आत्मप्रतिपिंडे रक्तद्रवातील प्रथिनांशी संयोग पावून अंतर्क्लथन (जिवंतपणी रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी होण्याची क्रिया) घडवून आणतात. त्यामुळे पायातील खोल नीला बंद होणे, गुठळीचा तुकडा वाहत जाऊन फुप्फुसाच्या रोहिणीत अडकणे, ऐन तारुण्यात पक्षाघात होणे, वारेतील रक्तप्रवाह खुंटून वारंवार गर्भपात होणे इ. गंभीर विकार उद्भवतात. या विकारसमूहास फॉस्फोलिपिड-प्रतिपिंड लक्षणसमूह असे नाव आहे. तो स्वतंत्रपणे आढळतो, तसाच ल्यूपस या आत्मप्रतिरक्षाजन्य रोगाच्या (ज्यात त्वचा, सांधे, मूत्रपिंडे, रक्त अशा अनेक अवयवांवर शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा आघात करते अशा रोगाच्या) जोडीनेही आढळतो.

या आत्मप्रतिपिंडांचे एक वैचित्र्य असे की, परीक्षानलिकेत ती रक्त गोठण्यास विलंब लावतात. शरीरात मात्र तीच रक्त गोठवितात. या विसंगतीचा उलगडा होण्यास १९०६ पासून १९९० पर्यंतचा दीर्घ काळ लागला. हा इतिहास एकाच वेळी उपदंशाच्या चाचणीचा, ल्यूपस रोगाचा आणि सर्पविषाच्या अभ्यासाचा आहे. कोकणात आढळणाऱ्या घोणस व फुरसे या दोन विषारी सापांच्या विषांना या निदानशास्त्रात महत्त्वाचे स्थान मिळाले आहे.

रक्तक्लथनाची प्रक्रिया : रक्तद्रवात क्लथनास आवश्यक अशी अनेक प्रथिने निष्क्रिय अवस्थेत असतात. इजा झाली असता ती एकामागून एक सक्रिय होतात. अगोदरचे सक्रिय प्रथिन एंझाइमाप्रमाणे पुढील प्रथिनास सक्रिय करते व दर पायरीस परिणाम वाढत जातो. या साखळीच्या उत्तरार्धात दहावा घटक सक्रिय होतो. तो पाचव्या घटकाच्या साहाय्याने प्रोथ्राँबिनाचे थ्राँबिनात रूपांतर करतो आणि थ्राँबीन विरघळलेल्या तंत्विजनापासून अविद्राव्य तंत्वीचे जाळे बनविते. या जाळ्यात रक्तातील कोशिका अडकून गुठळी तयार होते.

यांतील महत्त्वाच्या विक्रिया रक्तद्रवात मोकळ्या घडून येत नाहीत. त्यांना आधारासाठी ऋण विद्युत् भार असलेल्या फॉस्फोलिपिडांचा (फॉस्फरसयुक्त स्निग्ध पदार्थांचा) पृष्ठभाग लागतो. शरीरात तो मुख्यतः सक्रिय झालेल्या बिंबाणूंच्या पटलावर मिळतो; प्रयोगशाळेत तो बाहेरून घालावा लागतो. कॅल्शियमाच्या मदतीने क्लथन घटक या पृष्ठभागावर एकत्र येतात व विक्रियेचा वेग अनेक पटींनी वाढतो. पुढील सर्व विवेचनाच्या दृष्टीने हा पृष्ठभाग ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. क्लथन आवाक्याबाहेर जाऊ नये म्हणून अँटिथ्राँबीन, प्रथिन सी, प्रथिन एस इ. प्रतिबंधक प्रथिनेही रक्तात असतात. निरोगी अवस्था म्हणजे या दोन बाजूंमधील समतोल होय.

कोकणातील साप व क्लथनाचे ज्ञान : रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पर्यंतचा कुलाबा जिल्हा) श्रीवर्धन तालुक्यात राजपुरी खाडीच्या मुखाशी दक्षिण तीरावर दिघी हे बंदर आहे. पलीकडच्या तीरावर मुरूड तालुक्यातील आगरदांडा व राजपुरी ही गावे असून खाडीच्या मुखापाशी जंजिऱ्याचा जलदुर्ग आहे. दिघीपासून दक्षिणेस श्रीवर्धनपर्यंतचा प्रदेश टेकड्या, भातखाचरे आणि नारळी-पोफळीच्या वाड्या यांनी व्यापलेला आहे. भातशेतीमुळे उंदीर आणि उंदरांमुळे घोणस, हा क्रम कोकण किनाऱ्यावर सर्वत्र दिसतो. दगडांच्या आडोशाने राहणारे फुरसे रत्नागिरी जिल्ह्यात विशेष विपुल असून एकोणिसाव्या शतकात तेथे ते मारण्यासाठी सरकारी बक्षिसे दिली जात. नाग व मण्यार यांचे विष मुख्यत्वे तंत्रिका तंत्रावर (मज्जासंस्थेवर) परिणाम करते. घोणस व फुरसे यांचे विष प्रामुख्याने रक्तावर परिणाम करते.

घोणशीचे शास्त्रीय नाव पॅट्रिक रसेल या वैद्याच्या नावावरून पडले आहे. त्यांचा कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांविषयीचा ग्रंथ १७९६ साली प्रसिद्ध झाला. घोणशीच्या विषाने रक्त गोठते की पातळ होते, याविषयी पूर्वी मतभेद होते. दंश झालेल्या माणसाच्या हिरड्यांतून, लघवीतून व जखमेतून रक्त वाहताना दिसे. उलट प्रयोगात विषाची मोठी मात्रा दिलेले प्राणी रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन तत्काळ मरत. मुंबई येथे १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात प्लेग संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली (१९२५ पासून हाफकिन संस्था). या प्रयोगशाळेत विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज लँब व विल्यम हॅना या वैद्यांनी भारतीय सापांच्या विषांचा अभ्यास केला. घोणशीच्या विषाने येणाऱ्या शीघ्र मृत्यूचे कारण रक्तवाहिन्यांतील क्लथन हे होय, असे त्यांच्या कार्यातून पुढे आले.

दोन्ही निरीक्षणे खरी होती. विषातील एक एंझाइम दहाव्या घटकास थेट सक्रिय करते. परिणामी शरीरभर सूक्ष्म प्रमाणात क्लथन सुरू होते, त्यात तंत्विजन व इतर घटक खर्ची पडतात आणि शेवटी रक्तात गोठण्याजोगे काहीच उरत नाही. म्हणजे दंशानंतरचा रक्तस्राव हा अतिरिक्त क्लथनाचाच शेवट होय. ग्रामीण रुग्णालयांत आजही वापरली जाणारी वीस मिनिटांची क्लथन चाचणी याच तत्त्वावर आधारलेली आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे सु. २ मिलि. रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलविता ठेवतात व नंतर नळी कलती करून पाहतात. रक्त पातळच राहिले, तर घोणस किंवा फुरसे यांच्या विषाचा परिणाम झाला असे समजून प्रतिविष देतात.

इंग्लंडमध्ये आर्. जी. मॅक्‌फार्लेन व बर्जेस बार्नेट यांनी १९३४ साली या विषाचा औषधी उपयोग सुचविला. अनेक सापांची विषे तपासल्यावर त्यांना घोणशीचे विष सर्वांत परिणामकारक आढळले. ते १०,००० पट सौम्य करून हीमोफिलिया (रक्त गोठण्याच्या घटकाच्या आनुवंशिक अभावाने होणारा रोग) झालेल्या रुग्णाच्या जखमेवर लावल्यास स्थानिक रक्तस्राव थांबे. पुढे हे विष क्लथन प्रक्रियेच्या अभ्यासाचे साधन बनले. मॅक्‌फार्लेन यांनीच १९६४ मध्ये क्लथन म्हणजे एंझाइमांची उतरती साखळी होय, ही कल्पना मांडली. त्याच वर्षी अमेरिकेत ई. डब्ल्यू. डेव्ही व ओ. डी. रॅट्नॉफ यांनी तीच कल्पना धबधब्याच्या उपमेने स्वतंत्रपणे मांडली.

उपदंशाची चाचणी व फसवे निष्कर्ष : शरीर स्वतःविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करीत नाही, अशी पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञांची विसाव्या शतकाच्या प्रारंभी धारणा होती. स्वतःस विष होण्याचे शरीराला जणू भय असते, असे ते म्हणत. यूलियस डोनाट व कार्ल लँडस्टायनर यांनी १९०४ साली एका रक्तविकारात रुग्णाच्या स्वतःच्या तांबड्या कोशिकांचा नाश करणारे प्रतिपिंड दाखवून दिले. तथापि एर्लिख यांच्या मताचा प्रभाव बरीच वर्षे टिकला.

आउगुस्ट फोन व्हासरमान, आल्बेर्ट नायसर व कार्ल ब्रुक यांनी १९०६ मध्ये उपदंशाचे निदान करणारी रक्तचाचणी शोधून काढली. प्रतिजन म्हणून त्यांनी उपदंशाने मृत झालेल्या अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरला होता. रोगजंतूविरुद्धची प्रतिपिंडे या अर्काशी संयोग पावतात, असा त्यांचा समज होता. परंतु लवकरच असे दिसून आले की, निरोगी प्राण्यांच्या ऊतकांच्या, विशेषतः हृदयाच्या, अल्कोहॉली अर्कानेही चाचणी तितकीच यशस्वी होते. म्हणजे प्रतिजन जंतूंपासून आलेला नसून सामान्य ऊतकातीलच घटक होता. मेरी पँगबॉर्न यांनी १९४१ साली गाईबैलांच्या हृदयापासून तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला. तो एक फॉस्फोलिपिड असून त्यास कार्डिओलिपीन असे नाव देण्यात आले.

अमेरिकेतील अनेक राज्यांत विवाहापूर्वी, तसेच सैन्यभरतीच्या वेळी उपदंशाची रक्तचाचणी होऊ लागली, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट उघडकीस आली. रोगाचे कोणतेही चिन्ह नसलेल्या व संसर्गाचा संभवही नसलेल्या काही व्यक्तींचे रक्त चाचणीस वर्षानुवर्षे होकारार्थी प्रतिसाद देई. या निष्कर्षाची किंमत त्या व्यक्तींना द्यावी लागे. निष्कारण औषधोपचार होत, विवाह मोडत आणि विशेषतः स्त्रियांच्या चारित्र्याविषयी संशय घेतला जाई. आर्. ए. नेल्सन व एम्. एम्. मायर यांनी १९४९ मध्ये प्रत्यक्ष जंतूंच्या हालचालींवर आधारलेली अधिक विशिष्ट चाचणी शोधल्यावर हे निष्कर्ष चुकीचे असल्याचे निश्चितपणे सांगता येऊ लागले. जे. ई. मूर व त्यांचे सहकारी यांनी १९५२ ते १९५५ या काळात अशा व्यक्तींचा पाठपुरावा केला. दीर्घकाळ फसवा होकार देणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असून त्यांपैकी अनेकींना ल्यूपस किंवा तत्सम रोग असल्याचे किंवा पुढे होत असल्याचे त्यांना आढळले. फसवा निष्कर्ष हा नुसता प्रयोगशाळेतील दोष नसून आत्मप्रतिरक्षेची खूण आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

ल्यूपस क्लथनरोधक : याच सुमारास दुसऱ्या बाजूने या विषयास वेगळी चालना मिळाली. अमेरिकेतील सी. एल्. कॉन्ली व आर्. सी. हार्टमान यांनी १९५२ साली ल्यूपसच्या रुग्णांच्या रक्तात क्लथनास विलंब लावणारा पदार्थ असल्याचे नोंदविले. रुग्णाच्या रक्तद्रवात निरोगी माणसाचा रक्तद्रव मिसळला, तरी हा विलंब दूर होत नसे. एखाद्या क्लथन घटकाची उणीव असती, तर निरोगी रक्तद्रवाने ती भरून निघाली असती. त्यावरून रक्तात एखादा रोधक पदार्थ असला पाहिजे, हे सिद्ध होते. या रुग्णांच्या ठिकाणी रक्तस्राव होतो असे प्रथम वाटले. नेदरलँड्समधील ए. लोएलिगर यांनी १९५९ मध्ये या रोधकास प्रोथ्राँबिनाचे साहाय्य लागत असावे, अशी शक्यता सुचविली. काही थोड्या रुग्णांत प्रोथ्राँबिनाचे प्रमाण खरोखरीच घटते व त्यांना रक्तस्राव होतो. परंतु बहुसंख्य रुग्णांची गोष्ट निराळी होती. ई. जे. डब्ल्यू. बॉवी व त्यांचे सहकारी यांनी १९६३ साली रोधक पदार्थ असूनही ल्यूपसच्या रुग्णांना अंतर्क्लथन होते, असे निदर्शनास आणले.

डी. आय्. फाइनस्टाइन व एस्. आय्. रॅपापोर्ट यांनी १९७२ मध्ये या पदार्थास ल्यूपस क्लथनरोधक हे नाव दिले. ते रूढ झाले, पण दोन्ही अर्थी फसवे ठरले. हा पदार्थ आढळणाऱ्या पुष्कळ व्यक्तींना ल्यूपस नसतो आणि शरीरात तो क्लथनास रोध करीत नाही. या नावामुळे व लांबलेल्या क्लथनकालामुळे वैद्यांची दिशाभूल होण्याचा संभव असतो. क्लथनकाल लांबलेल्या रुग्णाचे रक्त पातळ आहे असे समजून क्लथनरोधक औषध टाळले, तर ज्या धोक्यापासून त्याचे रक्षण करावयाचे तोच धोका वाढतो.

गर्भपाताशी या पदार्थाचा संबंध १९५० नंतरच्या दशकातच काही वैद्यांच्या लक्षात आला होता. त्याची सुसूत्र मांडणी लंडन येथील ग्रॅहॅम ह्यूझ यांनी १९८३ मध्ये केली. अंतर्क्लथन, वारंवार गर्भपात, मेंदूचे विकार व ल्यूपस क्लथनरोधक ही एकाच विकाराची अंगे आहेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्याच वर्षी त्यांचे सहकारी ई. एन्. हॅरिस व ए. ई. घरावी यांनी कार्डिओलिपीनविरोधी प्रतिपिंडे मोजण्याची किरणोत्सर्गी द्रव्यावर आधारलेली संवेदनक्षम पद्धत प्रसिद्ध केली. व्हासरमान चाचणीतील जुना प्रतिजन अशा रीतीने नव्या विकाराच्या निदानास उपयोगी पडला.

सर्पविषाचा निदानातील उपयोग : ल्यूपस क्लथनरोधक ओळखणे सोपे नव्हते. नेहमीच्या क्लथन चाचण्यांत साखळीतील अनेक घटकांचा संबंध येतो, त्यामुळे विलंब नेमका कोठे झाला हे कळत नाही. पी. तियागराजन, व्ही. पेंगो व एस्. एस्. शपायरो यांनी १९८६ साली यासाठी घोणशीच्या सौम्य विषाची चाचणी सुचविली. हे विष दहाव्या घटकास थेट सक्रिय करीत असल्यामुळे साखळीतील अगोदरच्या पायऱ्या वगळल्या जातात. उरतो तो दहावा घटक, पाचवा घटक, प्रोथ्राँबीन व फॉस्फोलिपिडांचा पृष्ठभाग एवढाच भाग. विष व फॉस्फोलिपिड ही दोन्ही मुद्दाम अत्यल्प प्रमाणात घेतात. रक्तात आत्मप्रतिपिंडे असल्यास ती हा तोकडा पृष्ठभाग व्यापून टाकतात, क्लथन घटकांना जागा उरत नाही आणि गुठळी होण्यास उशीर लागतो. त्यानंतर फॉस्फोलिपिड जादा प्रमाणात घालून चाचणी पुन्हा करतात. पृष्ठभाग मुबलक झाल्याने विलंब दूर झाला, तर निदान निश्चित होते. परीक्षानलिकेतील विलंबाचे रहस्य हेच होय. तो रक्ताचा गुण नसून नळीतील पृष्ठभागाच्या टंचाईचा परिणाम आहे. आंतरराष्ट्रीय तज्ञांनी २००९ मध्ये शिफारस केलेल्या दोन प्रमुख चाचण्यांत घोणशीच्या विषाच्या चाचणीचा समावेश असून २०२० च्या सुधारित शिफारशींतही तिचे स्थान कायम आहे.

फुरशाच्या विषाचा उपयोग याला पूरक आहे. या विषापासून १९७२ मध्ये वेगळ्या केलेल्या एकॅरीन या एंझाइमाने प्रोथ्राँबीन थेट सक्रिय होते व त्यास फॉस्फोलिपिडांची गरज नसते. ऑस्ट्रेलियातील तायपान सापाचे विषही प्रोथ्राँबीन सक्रिय करते, पण त्यास फॉस्फोलिपीड लागते. एकाच रक्तद्रवावर दोन्ही विषांची चाचणी केली असता तायपानच्या विषाने विलंब व एकॅरिनाने विलंब नाही, असे आढळल्यास दोष पृष्ठभागाशी निगडित प्रतिपिंडांचा आहे हे ठरते. वॉरफारीन हे औषध घेणाऱ्या रुग्णांतही ही जोडचाचणी उपयोगी पडते.

खऱ्या प्रतिजनाचा शोध : ही प्रतिपिंडे फॉस्फोलिपिडांविरुद्ध असतात, असेच १९९० पर्यंत समजले जाई. मग उपदंशाच्या रुग्णांतही कार्डिओलिपिनाशी संयोग पावणारी प्रतिपिंडे असताना त्यांना अंतर्क्लथन का होत नाही, या प्रश्नास उत्तर नव्हते. त्या वर्षी सिडनी, मास्ट्रिख्ट व सपोरो येथील तीन गटांनी स्वतंत्रपणे हे कोडे सोडविले. रुग्णांची प्रतिपिंडे शुद्ध केली असता ती कार्डिओलिपिनाशी संयोग पावेनाशी झाली. रक्तद्रवातील एक प्रथिन मिसळताच संयोग पुन्हा घडून आला. हे प्रथिन बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ होय. उपदंशातील प्रतिपिंडांना या प्रथिनाची गरज लागत नाही. ती कार्डिओलिपिनाशी थेट संयोग पावतात. सारांश, आत्मप्रतिरक्षाजन्य विकारातील प्रतिपिंडांचे लक्ष्य स्निग्ध पदार्थ नसून त्यास चिकटलेले रक्तातील प्रथिन असते. काही रुग्णांत असेच लक्ष्य प्रोथ्राँबीन असते. फॉस्फोलिपिड-प्रतिपिंड हे नाव आता केवळ रूढीने टिकून आहे.

बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ हे प्रथिन १९६१ मध्ये प्रथम वर्णिले गेले. ते मुख्यतः यकृतात तयार होते व रक्तद्रवात त्याचे प्रमाण दर मिलि.ला सु. २०० मायक्रोग्रॅम असते. त्याची साखळी ३२६ ॲमिनो अम्लांची असून ती मण्यांच्या माळेप्रमाणे पाच खंडांत विभागलेली असते. पाचव्या खंडाने ते ऋण भाराच्या पृष्ठभागास चिकटते, तर रोगकारक प्रतिपिंडे मुख्यतः पहिल्या खंडावर बसतात. रक्तात मोकळे असताना ते वर्तुळाकार मिटलेले असते व पहिला खंड झाकलेला राहतो. पृष्ठभागावर बसल्यावर ते गळाप्रमाणे उलगडते व झाकलेला भाग उघडा पडतो, असे २०१० मध्ये दिसून आले. ज्यांच्या रक्तात हे प्रथिन जन्मतःच नसते अशा व्यक्तींत क्लथनाची ठळक विकृती आढळत नाही. त्यावरून विकार प्रथिनाच्या अभावाने होत नसून प्रथिन व प्रतिपिंड यांच्या संयुगाने होतो, असे अनुमान निघते.

अंतर्क्लथनाची कारणमीमांसा : एका प्रतिपिंडास दोन भुजा असल्यामुळे ते या प्रथिनाचे दोन रेणू एकत्र बांधू शकते. अशी जोडी पृष्ठभागास एकट्या रेणूपेक्षा पुष्कळ घट्ट चिकटते. ती रक्तवाहिन्यांचे अस्तर, बिंबाणू व एककेंद्रक श्वेत कोशिका यांच्या पटलावर बसून त्यांना चेतविते. अस्तराचा मूळचा क्लथनविरोधी गुण कमी होतो, बिंबाणू एकमेकांस चिकटू लागतात आणि कोशिकांवर ऊतक घटक हे क्लथनास आरंभ करणारे प्रथिन प्रकट होते. प्रथिन सीच्या प्रतिबंधक कार्यात अडथळा येतो. वारेच्या कोशिकांवर ॲनेक्सीन ए-५ या प्रथिनाचे रक्षक कवच असते, तेही विसकटते. याखेरीज पूरक प्रथिने (प्रतिपिंडांच्या कार्यास मदत करणारा रक्तातील प्रथिनांचा समूह) सक्रिय होऊन शोथ (दाहयुक्त सूज) निर्माण होतो. गर्भार उंदरांवरील प्रयोगांत वारेच्या नाशास पूरक प्रथिने कारणीभूत असून हेपारिनाचा लाभ त्यांच्या प्रतिबंधामुळेही होतो, असे २००४ मध्ये आढळले.

प्रतिपिंडे रक्तात असलेल्या सर्वांनाच अंतर्क्लथन होते असे नाही. प्रतिपिंडे पूर्वतयारी करतात. शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, गर्भारपण, धूम्रपान, दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहणे यांसारखे दुसरे निमित्त घडल्यावर प्रत्यक्ष गुठळी होते, असे सामान्यतः मानले जाते. क्वचित थोड्याच दिवसांत अनेक अवयवांच्या सूक्ष्म वाहिन्या एकदम बंद होतात. या अतिघातक प्रकाराचे वर्णन आर्. ए. ॲशरसन यांनी १९९२ मध्ये केले.

निदान व उपचार : निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले व २००६ मध्ये त्यांत सुधारणा झाली. त्यांनुसार अंतर्क्लथन किंवा गर्भारपणातील विशिष्ट आपत्ती यांपैकी एक घटना आणि ल्यूपस क्लथनरोधक, कार्डिओलिपीनविरोधी प्रतिपिंडे व बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ विरोधी प्रतिपिंडे यांपैकी निदान एक चाचणी होकारार्थी असावी लागते. संसर्गानंतर अशी प्रतिपिंडे तात्पुरती दिसू शकतात, म्हणून किमान १२ आठवड्यांनी चाचणी पुन्हा करणे आवश्यक असते. तिन्ही चाचण्या होकारार्थी असलेल्या रुग्णांना धोका सर्वांत अधिक असतो. संशोधनासाठी गुणांकनावर आधारलेले नवे निकष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत.

उपचारात प्रथम हेपारीन व नंतर दीर्घकाळ वॉरफारीन देतात. वॉरफारिनाचा उगमही गुरांच्या रोगात आहे. अमेरिकेत सडलेले गोड क्लोव्हर गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरत. त्या गवतातील कारक द्रव्य के. पी. लिंक यांच्या प्रयोगशाळेत वेगळे करण्यात आले व त्यावरील संशोधनातून पुढे हे औषध निघाले. गर्भावर अनिष्ट परिणाम होत असल्याने गर्भारपणात वॉरफारीन टाळून हेपारीन व अल्प मात्रेत ॲस्पिरीन देतात. या उपचाराने, पूर्वी वारंवार गर्भपात झालेल्या पुष्कळ स्त्रियांना जिवंत अपत्य लाभते. वॉरफारिनाऐवजी दहाव्या घटकास रोधणारे रिव्हरॉक्सबॅन हे नवे औषध तिन्ही चाचण्या होकारार्थी असलेल्या रुग्णांना देऊन पाहण्यात आले. परंतु त्या गटात अंतर्क्लथनाच्या घटना अधिक झाल्याने हा प्रयोग मुदतीपूर्वी थांबवावा लागला, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ल्यूपसच्या रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे औषधही देतात.

महाराष्ट्रातील कार्य : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ साली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू केले. त्याचेच रूपांतर पुढे परळ येथील के. ई. एम्. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत झाले. याच रुग्णालयाच्या परिसरात वाय. एम्. भेंडे, सी. के. देशपांडे व एच्. एम्. भाटिया यांनी बाँबे रक्तगटाचा शोध लावला होता (१९५२). रक्तद्रवातील प्रतिपिंडांचा काटेकोर अभ्यास करण्याची परंपरा मुंबईत अशी रुजली. कारण न उमगलेले गर्भपात व रक्त गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती यांच्या संबंधावर या संस्थेतील संशोधकांनी मुंबईतील प्रसूतितज्ञांच्या सहकार्याने केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. रायगड जिल्ह्यातच महाड येथे हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंश व सर्पदंश यांवर दीर्घकाळ कार्य केले. पश्चिम महाराष्ट्रातील सर्पदंशाविषयीचा त्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला व २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला.

दिघीसारख्या किनारी गावाच्या दृष्टीने या दोन विषयांतील फरक लक्षणीय आहे. घोणशीच्या दंशाचे निदान काचेची एक नळी व वीस मिनिटे एवढ्यावर होऊ शकते. आत्मप्रतिपिंडांच्या निदानास मात्र सुसज्ज प्रयोगशाळा लागते. रक्त ठराविक प्रमाणात सोडियम सायट्रेटात मिसळून काही तासांच्या आत दोनदा केंद्रोत्सारित करावे लागते. रक्तद्रवात बिंबाणू उरले, तर त्यांच्या पटलावरील फॉस्फोलिपिडे प्रतिपिंडांचा परिणाम झाकून टाकतात आणि रोग असूनही चाचणी नकारार्थी येते. त्यामुळे लांबच्या गावातून घेतलेला नमुना जसाच्या तसा शहरात पाठविणे उपयोगाचे नसते. रुग्णाने प्रयोगशाळेपर्यंत जाणे किंवा रक्तद्रव जवळच वेगळा करून गोठवून पाठविणे आवश्यक ठरते. म्हणूनच तरुण स्त्रीचे वारंवार होणारे गर्भपात किंवा तरुण माणसाच्या पायाची एकाएकी आलेली सूज यांमागे हा विकार असू शकतो, अशी शंका गावातील वैद्यास वेळीच येणे हा निदानाचा पहिला टप्पा होय.